पुरे म्हणजे किती युनिट?

मराठीत ज्याच्यावर कोणाचाच विश्वास नाही असा एक शब्द आहे. तो म्हणजे 'पुरे'. पंगतीत बसलेला माणूस ताटावर दोन्ही हात आडवे धरून 'पुरे, पुरे' म्हणतो, तेव्हा वाढणारा तो शब्द 'आणा, आणा' असाच ऐकतो. आमच्या खानदेशात तर भरिताच्या पंगतीत 'पुरे' म्हटलं की कळण्याची आणखी एक पुरी पानात पडते. म्हणणाऱ्याची मात्रा ऐकणाऱ्याच्या कानात जाईपर्यंत तिची वेलांटी झालेली असते. दुसऱ्याला सांगितलेलं 'पुरे' मात्र अगदी खरं असतं. 'पुरे झाला तुझा टीव्ही', 'पुरे झालं तुमचं वाचन', यात आग्रहाला जागा नाही. म्हणजे दुसऱ्याला किती पुरेल हे आपल्याला चोख कळतं. अडचण येते ती फक्त स्वतःच्या बाबतीत.

माणसाला नेमकं किती पुरतं, या प्रश्नावर थोरामोठ्यांनी पुष्कळ विचार करून ठेवला आहे. ऋषिमुनी म्हणाले, काहीच नको. अर्थशास्त्रज्ञ म्हणाले, कितीही चालेल. या दोहोंच्या मधे उभा असलेला जो पेन्शनर, त्याला मात्र कोणी आकडा दिला नाही. मी जन्मभर शाळेत गणित शिकवलं. उत्तरापुढे एकक लिहिलं नाही तर अर्धा मार्क कापणारा मी मास्तर. तेव्हा 'पुरे'चंही एकक हवं, असं मला वाटत आलेलं आहे. ते मला अलीकडे सापडलं. गोव्यात, मांडवी नदीत, एका नांगरून ठेवलेल्या शिडाच्या होडीवर.

आता वरणगावच्या माणसानं होडीवर काय म्हणून जावं, असं कोणीही विचारील. आम्हांला पाणी ठाऊक नाही असं नाही. जवळच तापीवर हतनूरचं धरण आहे. त्याला एक्केचाळीस दरवाजे आहेत, आणि दर पावसाळ्यात त्यांतले किती उघडले हे आम्ही पेपरात क्रिकेटच्या धावांसारखं वाचतो. पण ते गोडं पाणी, आणि बघायचं तेही पुलावरून. समुद्राची हौस लागली ती आमच्या भाच्याला. तो नोकरीसाठी गोव्याला गेला आणि तिथं त्यानं दोन मित्रांबरोबर वर्गणी काढून एक जुनी शिडाची होडी विकत घेतली. आमच्याकडे लोक वर्गणी काढून विहिरीवर मोटर बसवतात, तसाच हा प्रकार. 'मामा, मामीला घेऊन चार दिवस राहायला या' असा फोन आला, आणि सौभाग्यवतींनी मी उत्तर देण्याच्या आत हो म्हटलं.

माझी समजूत अशी होती की शिडाच्या होडीला विजेची गरजच काय? वारा आहे, शीड आहे, चालली होडी. पण शिडं वाऱ्यावर चालत असली तरी आत बसलेली माणसं विजेवर चालतात, हे मला पहिल्याच संध्याकाळी कळलं. रात्री नांगरलेल्या होडीला चहूकडून दिसेल असा पांढरा दिवा लावावा लागतो. नाहीतर अंधारात दुसरी कोणी येऊन आदळायची. तळाशी पाणी साचतं, ते उपसायला पंप लागतो. बोलायला रेडिओ, बघायला नकाशाचा पडदा, उकाड्याला पंखा, मोबाइल तर माणशी एक. आणि एक लहानसा फ्रिज. या सगळ्यांचा पोशिंदा म्हणजे पायाखालच्या खणात ठेवलेल्या दोन बॅटऱ्या.

गंमत अशी की चालत्या होडीला वीज मिळवणं सोपं असतं. पाण्यात पंखा सोडला की होडीच्या वेगानं तो फिरतो आणि वीज येते. मोठी वाट चालणाऱ्या होड्यांवर ही सोय करतात. पण नांगरलेल्या होडीला वेग कुठला? ती आमच्यासारखी रिटायर्ड. तिनं आता बसल्या जागी जे येईल त्यावर भागवायचं. येण्याच्या वाटा तीन, आणि तिन्हींना एकेक खोड. पहिली वाट सूर्याची. होडीवर शंभर-शंभर वॉटच्या दोन सौर पाट्या आहेत. पण वारा फिरला, भरती-ओहोटी बदलली, की होडी नांगराभोवती वळते आणि डोलकाठीची सावली नेमकी पाटीवर येऊन बसते. पाटीच्या थोड्याशा भागावर सावली पडली तरी उत्पन्न थोडंसं नव्हे, चांगलंच घटतं. एक मेंबर रुसला की सगळी कमिटी बसते, तसं. दुसरी वाट वाऱ्याची. मागच्या बाजूला छोटी पवनचक्की आहे. पण नांगर टाकायला माणूस जागा कशी शोधतो? जिथं वारा लागणार नाही अशी. म्हणजे आधी हौसेनं निवारा शोधायचा आणि मग चक्कीखाली बसून वाऱ्याची वाट बघायची! तिसरी वाट डिझेलची. इंजिन लावलं की बॅटरी भरते. पण या जुन्या शिशाच्या बॅटरीचं जेवण तुम्हांआम्हांसारखंच. पहिल्या पोळ्या भराभर, शेवटची मात्र रेंगाळत. ती पूर्ण भरायची म्हणजे तासन्‌तास इंजिनाची धडधड ऐकायची. शांततेसाठी घेतलेल्या होडीवर हे करायचं असेल तर मग भुसावळ स्टेशन काय वाईट होतं?

होडीच्या भिंतीवर भाच्यानं जमाखर्च चिकटवून ठेवला होता. युनिट म्हणजे हजार वॉटचं यंत्र तासभर चाललं तर जेवढं खाईल तेवढी वीज. आपल्या बिलावर असतं तेच. दोन बॅटऱ्यांत मिळून भरल्या पोटी सुमारे दोन पूर्णांक चार युनिट. पण त्यातली अर्धीच वापरायची, कारण शिशाची बॅटरी वरचेवर तळापर्यंत उपसली तर लवकर मरते. उरली एक पूर्णांक दोन. रोजची जमा, स्वच्छ ऊन धरून, पाऊण युनिट. रोजचा खर्च नऊ दशांशाच्या आसपास. म्हणजे दररोज थोडीशी तूट. आमच्या घरी मे महिन्यात कूलर सुरू झाला की दिवसाला सात युनिटं जातात, आणि त्याचं मला कधी काही वाटलेलं नाही. इथं मात्र पाऊण युनिटाकडे मी पेन्शनच्या पासबुकाकडे बघतो तसा बघू लागलो. कोणी उगाच दिवा लावला की सगळे एकदम वर बघायचे.

दुसऱ्या दिवशी खरं प्रकरण झालं. सौभाग्यवतींना ठेचा करायचा होता. होडीवर खलबत्ता नव्हता, मिक्सर होता. तिनं बटण दाबलं आणि व्होल्टचा आकडा धाडकन खाली आला. भाचा वरून ओरडत आला, "मामी, मिक्सर नको! बॅटरी बसेल सगळी!"

मामीनं मिक्सर बंद केला. ठेचा झालाच होता.

"किती वॉटचा रे हा?"

"पाचशे."

"आणि मी चालवला किती? दोन मिनिटं. आता मला सांग, ही तुझी गारव्याची पेटी किती खाते?"

"ती फार नाही मामी. पंचेचाळीस वॉट. आणि अर्धाच वेळ चालू असते."

"पण चोवीस तास."

सौभाग्यवतींनी चाळीस वर्षं माझ्या पगारात घर चालवलं आहे. तिनं बोटांवर हिशेब केला. "म्हणजे तुझ्या पेटीच्या पाऊण तासात माझा ठेचा होतो. आणि पेटीत आहे काय? अर्धं लिंबू आणि दोन बाटल्या."

बाटल्यांत काय होतं हे, मामी समोर असल्यामुळे, मी विचारलं नाही. पण हिशेब पडताळून पाहिला. बरोबर होता. मिक्सरचे सतरा वॉट-तास, फ्रिजचे दिवसाला पाचशे चाळीस. भाच्याच्या रोजच्या खर्चातला निम्म्याहून अधिक वाटा ती मुकी पेटी गिळत होती, आणि ओरडा खाल्ला मिक्सरनं. "आवाज करतो तोच खातो असं नसतं," सौभाग्यवती म्हणाल्या. हे वाक्य त्यांनी बाटल्यांना उद्देशून म्हटलं की आणखी कोणाला, हे स्पष्ट झालं नाही.

मग भाच्यानं होडीचा इतिहास सांगितला. पहिल्या वर्षी एकच पाटी होती आणि ती पुरत होती. पुरते आहे हे लक्षात आल्यावर फ्रिज आणला. मग पुरेना, म्हणून दुसरी पाटी. थोडी उरायला लागली, तर उरलेली फुकट कशाला घालवा, म्हणून पंखे आणि नकाशाचा मोठा पडदा. मग पुन्हा पुरेना, म्हणून पवनचक्की. आता तिसऱ्या पाटीचा विचार आहे. म्हणजे होडीवरची वीज गेल्या चार वर्षांत वाढतच गेली आहे. आणि पुरत होती फक्त पहिल्या वर्षी. आमच्या घराच्या खोल्यांचा, गावाच्या रस्त्यांचा आणि माझ्या पगाराचा इतिहास याहून निराळा नाही. 

पुरवायच्या रीती खरं तर दोनच. एक, जास्त मिळवणं. दुसरी, कमी लागणं. या दोन्ही रीती थोर माणसांनी समुद्रावर करून पाहिल्या आहेत. नॉर्वेच्या नान्सेननं १८९३ साली आपलं 'फ्राम' जहाज मुद्दाम उत्तरेच्या बर्फात गोठवून घेतलं. जगातलं सगळ्यात घट्ट नांगरलेलं शिडाचं जहाज हेच असावं. तिथं हिवाळ्यात महिनोन्‌महिने सूर्य उगवत नाही. त्यानं काय केलं? डेकवर पवनचक्की उभी केली, तिला डायनॅमो जोडला आणि त्या लांबलचक रात्रीत विजेचा दिवा लावला. ही झाली मिळवण्याची रीत. दुसरी रीत रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांची. त्यांची 'सुहेली' ही होडी आपल्या मुंबईत सागवानात बांधलेली, जेमतेम बत्तीस फुटांची. १९६८-६९ साली एकट्यानं, कुठेही न थांबता, तिच्यातून त्यांनी पृथ्वीप्रदक्षिणा केली. असं करणारे ते पहिले. हल्ली सुकाणू धरायला विजेचं यंत्र असतं. सुहेलीवर ते काम वाऱ्याच्या पात्यावर सोपवलेलं होतं. वाटेत ती योजनाही मोडली, तेव्हा त्यांनी शिडंच अशी जुळवली की होडीनं आपली आपण वाट धरावी. विजेचं एक यंत्र कमी झालं की तेवढी वीज आपोआप पुरते. कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्यानं पृथ्वीला फेरी घातली ती 'म्हादेई' होडीही याच मांडवीतल्या दिवाडी बेटावर बांधलेली. भाचा हे अभिमानानं सांगत होता, जणू काही लिंबू आणि बाटल्यांसह तोही त्याच वाटेवर होता.

तिसऱ्या रात्री पंखा बंद करून मी वर डेकवर पडलो होतो, तेव्हा मनात आलं, की हा जो आम्ही इथं संयम पाळतो आहोत तो सद्‌गुण म्हणायचा का? वरवर बघता आम्ही चौघं साधू झालो होतो. पण साधूला बाहेर मोह असतो आणि तो नाही म्हणतो. आम्हांला बॅटरीच नाही म्हणत होती. ज्याच्याजवळ नाही त्याचं कमी वापरणं ही नुसती वजाबाकी आहे, आणि वजाबाकीला कोणी पुण्य म्हणत नाही. भारनियमनाच्या काळात खेडोपाडी दिवसाचे बारा-बारा तास अंधार असायचा. तेव्हा आपण सगळेच काटकसरी होतो, त्याबद्दल कोणाला शाल-नारळ मिळाल्याचं ऐकिवात नाही. पुण्याचा प्रश्न जिथं तार आलेली आहे तिथं सुरू होतो.

तार हीच मोठी चमत्कारिक वस्तू आहे. ती वीज आणते आणि हिशेब पलीकडे ठेवून येते. वरणगावहून भुसावळकडे जाताना दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात. तिथं पाचशे मेगावॉटचे दोन संच आहेत. त्यांतला एक संच पूर्ण शक्तीनं तासभर चालला की पाच लाख युनिटं तयार होतात. भाच्याच्या होडीला तेवढी वीज पंधराशे वर्षं पुरली असती. पण ती युनिटं काही आकाशातून पडत नाहीत. आपल्याकडे एका युनिटामागे अर्ध्या किलोहून जास्त कोळसा जळतो. म्हणजे आमच्या मे महिन्यातल्या सात युनिटांसाठी दररोज चार-साडेचार किलो. पूर्वी कोळसेवाला दारावर यायचा, तसा कोणी माणूस रोज सकाळी साडेचार किलो कोळसा अंगणात ओतून जाऊ लागला, आणि संध्याकाळी त्याची किलो-दीड किलो राख उचलायची पाळी आमच्यावर आली, तर कूलर चालवताना आम्ही खिडकी लावून घेतो की नाही, हे निदान एकदा उठून पाहिलं असतं. होडीवर बॅटरी पायाखाली असते. घरी ती पाच-सात मैलांवर, भिंतीपलीकडे.

माझ्या लहानपणी घरात कंदील होता. रॉकेल रेशनवर. वडील म्हणायचे, "वात खाली कर." कोणाला वाचायचं असलं तर वात वर, गप्पा मारायच्या तर खाली, गप्पांना तोंड दिसायची गरज नसते. टाकीतलं रॉकेल हलवून पाहिलं की खळखळ ऐकू यायची, आणि महिना कुठवर जाईल ते कळायचं. आता वीज हलवून बघता येत नाही. ती कुठून येते, किती उरली, आणि आपल्या वाटणीनंतर कोणाला काय मिळालं, हे काही ऐकू येत नाही.

नुसती शक्ती जमवून 'पुरे'चं उत्तर मिळत नाही, हे तर आमच्या भागात सातशे वर्षांपूर्वीच ठरलेलं आहे. तापी-पूर्णेच्या संगमावर, हतनूरच्या फुगवट्याच्या कडेला, चांगदेव आहे. चांगदेव महाराजांनी योगबळानं चौदाशे वर्षं आयुष्य कमावलं, वाघावर बसले, हातात सापाचा चाबूक घेतला अशी कथा आहे. म्हणजे शक्तीचा साठा केवढा! पण ज्ञानेश्वरांना पत्र लिहायला बसले, तर मायना काय लिहावा हेच उमजेना, आणि कोराच कागद पाठवला. चौदाशे वर्षांनीही हा कोराच राहिला, हे ओळखलं ते चिमुरड्या मुक्ताबाईनं. तीच मुक्ताबाई पुढं याच तापीकाठी, वीज कडाडली तेव्हा, गुप्त झाली असं परंपरा सांगते. बॅटरी भरलेली असणं आणि उजेड पडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आमच्या संगमावर असं लिहून ठेवलेलं आहे. आम्ही तिथं यात्रेला जातो, भाकरी खातो आणि परत येतो.

गावी परतल्यावर हे सगळं मी माझ्या एका शेतकरी मित्राला ऐकवलं. त्याची केळीची बाग आहे. पाऊण युनिटात चार माणसं राहतात हे ऐकून त्याला काही विशेष वाटलं नाही. शेतीच्या पंपाला आमच्याकडे पाळीची वीज असते. एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री, आठ-आठ तास. २०१७ पासून सरकारची सौर कृषी वाहिनी योजना आहे. ती ज्या फीडरवर पोचली तिथं दिवसा वीज मिळू लागली. त्याची पाळी अजून यायची आहे.

मी त्याला विचारलं, "मग तुला रात्री आठ तास मिळतात, दिवसाही आठच मिळतात. बेरीज सारखी. पुरते ना?"

तो म्हणाला, "मास्तर, बेरीज सारखी. पण रातच्याले अंधारात कॉक फिरवाले जा लागते. पायाखाली काय आहे ते दिसत नाही. पुरेशी म्हणजे किती ते मले नका सांगू. पुरेशी म्हणजे केव्हा, ते सांगा."

जन्मभर एकक शोधणाऱ्या मास्तरला शेवटी घड्याळ दाखवलं ते केळीवाल्यानं. युनिटं मोजून 'पुरे' कळत नाही. ती कोणत्या तासाला येतात आणि कोणत्या तासाला कोणाच्या हातून काढून घेतली जातात, हेही मोजावं लागतं. होडीवरची बॅटरी तरी दुसरं काय करते? दुपारचं ऊन रात्रीपर्यंत सांभाळून ठेवते. गावाला तेवढी मोठी बॅटरी नाही. संध्याकाळी आपण सगळे एकदम घरी येतो, दिवे, पंखे, टीव्ही, गिरणी, सगळं एकदम लावतो. तो तास आपला ठरतो, आणि शेतीच्या पंपाला उरलेले तास जातात. मी माझा पंखा बंद केला म्हणून लगेच त्याचा पंप सुरू होणार नाही, हे मलाही कळतं. एवढं सोपं गणित मी चौथीलासुद्धा घातलं नव्हतं. पण एकट्यानं बंद केल्यानं काही होत नाही, हे वाक्य गावातला प्रत्येक जण एकट्यानं म्हणतो. त्याची बेरीज सगळ्या गावाची होते.

आमच्याकडची घरगुती चक्की आता दुपारी लागते. हा ठराव सौभाग्यवतींनी मांडला आणि त्यांनीच मंजूर केला. गावच्या विजेला त्यानं किती फरक पडतो ते मी मोजलेलं नाही. मोजलं तर तो ठेच्याहून फार मोठा निघायचा नाही. मात्र कोणाला 'पुरे' म्हणायचंच असेल तर ते संध्याकाळी सात ते दहाच्या दरम्यान म्हणावं, एवढं मी आता खात्रीनं सांगू शकतो. पहाटे तीन वाजता सगळं गाव 'पुरे' म्हणतच असतं. दिवे बंद, टीव्ही बंद, आपण गाढ झोपलेले. तेव्हा तो बॅटरी तोंडात धरून केळीच्या बागेत कॉक फिरवत असतो.